बुंधा आणि गव्हाण

आमच्या नज्लत बदर गावात ज्याला म्हणून बेंबी आहे त्याची नाळ वहीबानेच कापलेली आहे, असं आम्ही परगावच्या पाहुण्याला बिनदिक्कत सांगतो. यात थोडी बढाई असते, कारण अलीकडे पुष्कळ पोरं नदीपलीकडे समालूतच्या दवाखान्यात जन्मतात. पण तिशी ओलांडलेल्या कुणालाही वहीबा भर रस्त्यात गाठते आणि चारचौघांत ऐकवते, "मिशा कसल्या पिळतोस रे? उलटा टांगून दोन रट्टे दिले तेव्हा कुठे रडलास तू." मशिदीच्या इमामाला तिने हे ऐकवलंय, आणि चर्चच्या पाद्रीबाबांनाही. दोघेही मान खाली घालून निघून जातात, करणार काय?

बाई बुटकी, रुंद, बारा महिने काळ्या झग्यात, आणि चालते अशी की गल्लीतली बदकं आपणहून बाजूला होतात. बगलेत पत्र्याचा डबा. डब्यात कात्री, सुती दोरा, साबणाची वडी, आणि फडक्यात गुंडाळलेला मरियमचा पंजा. हा पंजा म्हणजे वाळवंटातलं एक वाळलेलं रोपटं. दिसायला तपकिरी, घट्ट आवळलेली मूठ. पाण्यात टाकलं की ती मूठ हळूहळू उघडते, आणि ती पुरती उघडली की बाळंतीण सुटते, असं आमच्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या मानतात. वहीबाच्या सासूने तो हजहून आणला होता. ख्रिस्त्यांच्या घरांतही असे पंजे आहेत, ते त्यांच्या म्हाताऱ्यांनी जेरुसलेमच्या यात्रेहून आणलेले. रोपटं तेच, नावही तेच.

डब्यात न मावणारी एक गोष्टही तिच्यापाशी होती. कळा वाढल्या की ती बाळंतिणीच्या कानाशी बसून कुराणातल्या मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, ओळी म्हणायची. तिला अक्षर वाचता येत नाही. लहानपणी शेख तोहामी म्हणून एक आंधळे पठणकार दर गुरुवारी तिच्या बापाच्या अंगणात येत, मसूरच्या आमटीचं वाडगं संपवत आणि मग गालाला हात लावून सूर धरत. ती दाराआड बसून ऐकायची. एका गुरुवारी शेखांनी मरियमचं प्रकरण घेतलं. मरियम एकटी गावापासून दूर जाते. कळा तिला खजुराच्या बुंध्यापाशी आणून टाकतात. आणि तिथे ती ओरडते, की याआधीच मी मरून गेले असते, कुणाच्या आठवणीतही उरले नसते तर बरं झालं असतं.

वहीबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. महिनाभरापूर्वीच तिची थोरली बहीण पलीकडच्या खोलीत अगदी हेच ओरडली होती. बायका असं ओरडतात, पुरुष ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्याचा उल्लेख करत नाही. आणि इथे ते देवाच्या ग्रंथात! ज्याने आकाश तोलून धरलंय, त्याने एका बाईची कळ ऐकली, ती विसरला नाही, आणि जगाच्या शेवटापर्यंत पुरुषांनी दाढी सावरून ती मोठ्याने म्हणावी अशी व्यवस्था करून ठेवली. तिला भीतीच वाटली. त्या रात्री ती अंगणात झोपली तेव्हा वर बघायची तिची छाती झाली नाही.

पुढे ती सुईण झाली आणि त्या ओळी तिच्या हातांइतक्याच कामाच्या झाल्या. त्या ओरडण्यानंतर बुंध्याच्या खालून आवाज येतो, की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा वाहतोय. बुंधा आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील. खा, पी आणि डोळे निवव. मुसलमानाचं घर असो की ख्रिस्त्याचं, वहीबा ते म्हणायची. कुणी हरकत घेतली नाही. कळा देणाऱ्या बाईला आवाज हवा असतो, आणि मरियम तर दोन्ही घरांची.

हरकत घेतली ती एकट्या तकलाने, आणि तीही स्वतःच्या पाची बाळंतपणांत ते ऐकून झाल्यावर.

तकला म्हणजे बोटीच्या धक्क्याजवळची म्हशीवाली. ख्रिस्ती, विधवा, काटकुळी, आणि जिभेला धार. दोघींची मैत्री लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आल्या तेव्हापासूनची, आणि भांडणही तेवढंच जुनं. रोज दुपारी तकलाच्या गोठ्यात दोघी पाय पसरून बसत, समोर चहा, आणि विषय एकच.

"सगळं छान म्हणतेस गं," तकला म्हणायची, "पण खजुराचं झाड कुठून आणलंस? आमचा येशू गोठ्यात झाला. गव्हाणीत ठेवला होता त्याला. अख्ख्या जगाला ठाऊक आहे."

"जगाला असेल. आमच्या ग्रंथात झाड आहे."

"आणि योसेफ? तिचा म्हातारा नवरा बिचारा एवढा चालत आला, त्याला कुठे हाकललंत?"

"पुरुषाचं काय काम तिथे? माझ्या पुस्तकात मरियम एकटी आहे. देव आणि ती. एवढं पुरतं."

"बरं बाई, झाड तर झाड. पण आमचा नाताळ जुन्या पंचांगाने पडतो ऐन जानेवारीत. दात वाजतात नुसते. थंडीत ताजे खजूर कुठून आले, ते सांग आधी!"

खजूर आमच्याकडे उन्हाळा सरताना पिकतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "ज्याने बापाविना लेकरू दिलं त्याला खजूर जड आहेत का?" असं वहीबा दरवेळी पुटपुटायची खरी, पण मनाला ते बोचत राहायचं.

एकदा तिने शेखांकडून ऐकलेलं सांगितलं. मूसाला तौरात दिली, ईसाला, म्हणजे तुमच्या येशूला, इंजील दिलं, मग आमच्या पैगंबरांवर कुराण उतरलं. पाठवणारा एकच. आधीच्या ग्रंथांना खरं म्हणतच पुढचा आला. नदी एकच, घाट वेगळे.

तकलाने लगेच पकडलं. "नदी एकच ना? मग आमचा घाट वरच्या अंगाला. पाणी आधी आम्ही भरलं. तुम्ही खाली उभ्या, आमच्या घागरीतून सांडलेलं भरताय."

"वरच्या अंगाला म्हशी डुंबतात," वहीबा म्हणाली. "गाळ खाली बसला की निवळशंख पाणी आमच्याकडे येतं."

तकला एवढी हसली की चहा झग्यावर सांडला. आणि तरीही दोघींपैकी एकही तसूभर मागे सरली नाही. सरायची गरजच काय होती? वहीबाला मनापासून वाटायचं की देवाचा शेवटचा शब्द आपल्याकडे आहे. तकलाला मनापासून वाटायचं की येशूच्या शुभवर्तमानानंतर सांगायचं काही शिल्लकच राहिलेलं नाही. पण कधीकधी चहा संपल्यावर म्हशी रवंथ करत, आणि वहीबाच्या मनात यायचं, की एक मुलगी, गरीब, परगावी, पोटुशी. तिची गोष्ट दोन ग्रंथांना सोडवत नाही. काय असेल त्या मुलीत? विचार करता करता तिला पुन्हा ते लहानपणचं भय वाटायचं, आणि ते हवंहवंसं वाटायचं.

वहीबाला एकच मुलगी, अतियात. ती त्याच गावात हिलाल नावाच्या पिकअपवाल्याला दिलेली. अतियातची दोन मुलं गेली. पहिल्या खेपेला वहीबाने आमच्याकडची रीत मोडली होती. सुईणीने स्वतःच्या लेकीचं बाळंतपण करू नये असं मानतात. आईच्या हाताला माया असते आणि मायेचा हात कापतो. वहीबा म्हणाली, माझा नाही कापायचा. बाळ तिच्या ओंजळीत आलं ते निळंच. दुसरं दवाखान्यात गेलं, दिवस भरायच्या आधीच. त्यानंतर अतियात दोन वर्षं कुणाच्या बारशाला गेली नाही. वहीबाने तकलाबरोबर कुमारी मरियेचे उपास धरले, दूध-तूप सोडलं, पाखरांच्या डोंगरावरच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली आणि येताना पीराच्या दर्ग्यातही बसली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ उलटं बसलंय, ढुंगण खाली आहे. पहिली कळ आली की निघायचं, घरी थांबायचं नाही.

अतियातला त्या दिवशी आईने विचारलं नाही, तरी ती बोलली. "अम्मा, हे गेलं तर मी नाही राहायची." तिने हे रडून म्हटलं नाही, तांदूळ निवडता निवडता म्हटलं.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. तकलाचा नाताळ दोनतीन दिवसांवर आलेला, तिचे लांबलचक उपास चालू, गोठ्यात दुधाच्या बादल्या भरलेल्या आणि तिच्या तोंडात थेंब नाही. अतियात माहेरी आली होती. पहाटेची फजरची बांग झाली आणि तिला पहिली कळ आली.

इथे वहीबा चुकली. आमच्या गावची दुसरी कुणीही बाई तशीच चुकली असती. तिने वाडग्यात पाणी घेतलं, मरियमचा पंजा त्यात सोडला आणि बघत बसली. पंजा मिटलेलाच. कळ आली, गेली, पंजा मिटलेला. हिलाल दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. "खाला, निघायचं ना?"

"अरे, मूठ तरी सुटू दे. अजून खूप वेळ आहे. एवढ्या धुक्यात तिला हादरे कशाला?"

शेकडो बायकांच्या उशाशी तो पंजा खोटा बोलला नव्हता. पण त्या दिवशी पाणी हंड्यात रात्रभर गारठलेलं होतं, आणि थंडीने माणसांसारखीच मुळंही आखडतात. पंजा आळसावला, बाळ नाही. ऊन यायच्या सुमाराला अतियातने उंबऱ्यातच चौकट धरली आणि तिचा चेहरा पाहून वहीबाला कळलं की आपण उशीर केला. तिने वाडगं तिथेच टाकलं.

गाडी धक्क्यावर पोचली तर नदीच नव्हती. नुसतं पांढरं. पलीकडून बोटीचा भोंगा वाजायचा आणि थांबायचा. हिलाल पाण्याच्या कडेला जाऊन बोंबलत होता, "ए भल्या माणसा, ये रे! बाई अडलीय!" धुक्यातून नावाड्याचा आवाज आला, "येऊ कुठे? मला माझा हात दिसत नाही!"

तेवढ्यात अतियात गाडीच्या पायरीवरच खाली बसली. आणि धुक्यातून शेणाने माखलेले हात घेऊन तकला बाहेर आली.

"आत आणा तिला. बघताय काय माझ्या तोंडाकडे?"

गोठा ऊबदार होता. म्हशी बाजूला सरल्या. अतियातला आडवं होववेना. मधला खांब दिसला तशी तिने त्यालाच दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गुडघ्यांवर टेकली. तकलाने हिलालला पिटाळलं, "पंपावरून पाणी आण!" स्वतःचे हात साबणाने कोपरापर्यंत घासले आणि वहीबाकडे पाहिलं. वहीबा पुढे झाली. हात पुढे केले. ते हात वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. तिने ते एकमेकांत अडकवले, तरी थांबेनात.

"तकला," ती म्हणाली, "माझ्याच्याने नाही होणार. तू कर."

"मी? अगं मी व्यायला आलेल्या म्हशी सोडवते!"

"तेच कर. मी सांगते तसं."

तकलाने छातीवर क्रूस केला आणि अतियातच्या मागे बसली. "ढुंगण दिसतंय. देवा, ढुंगणच आहे."

"हात लावू नकोस. ओढायचं नाही. येऊ दे त्याला त्याच्या गतीने. फक्त खाली फडकं धर."

पुढची कळ आली आणि अतियात खांबाला कपाळ लावून किंचाळली, "मेले असते मी आधीच! कुणाला आठवलेसुद्धा नसते, बरं झालं असतं!"

वहीबाने तोंड उघडलं होतं ते ओळी म्हणायलाच. शेकडो घरांत म्हटलेल्या ओळी. पण त्यातली मरियमची ओळ तर लेकीने आधीच म्हणून टाकली होती, आणि त्या शब्दांचा खरा अर्थ काय ते वहीबाला आज पहिल्यांदा कळत होतं. तिची दातखीळ बसली. लेक रडतेय, बाळ अर्धं बाहेर, आणि आईच्या तोंडून आवाज नाही.

"वहीबा! म्हण की गं! पोर हातपाय गाळतेय!" तकला ओरडली.



मग गोठ्यात सूर उठला. तकलाचा. हात बाळाखाली धरलेले, नजर तिथेच, आणि तोंडाने मरियमच्या ओळी. शेख तोहामींच्या अंगणातली चाल, वहीबाची चाल. वहीबा जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास, जिथे आवाज खाली आणायची तिथेच खाली. पाच बाळंतपणांत ऐकलेलं, पुढे सुनांच्या उशाशी बसून ऐकलेलं, आणि इतकी वर्षं ज्यावर भांडली ते सगळं तिच्या पोटात जसंच्या तसं होतं. दुःख करू नकोस. पायाशी झरा आहे. बुंधा आपल्याकडे हलव.

अतियातने खांब आवळून स्वतःकडे ओढला. छपरातून गवताचा कचरा खाली पडला.

वहीबा लेकीशेजारी गुडघ्यांवर टेकली. "खांदे आले? आता डोकं. ओढू नकोस, फक्त आधार. अतियात, माझ्या सोन्या, आता! आता जोर दे!"

मुलगा होता. निळा आणि मऊ, वहीबाने एकदा पाहिला होता तसाच. पण तकलाला म्हशींच्या रेडकांची सवय. ती घाबरायला थांबली नाही. तिने मूठभर गवताने पोराची पाठ खसाखसा चोळली, एक काडी घेतली आणि नाकपुडीत फिरवली. पोर शिंकलं. मग तोंड वेडंवाकडं केलं, आणि असं काही रडलं की कोपऱ्यातली म्हैस दोरी ताणून उभी राहिली.

वहीबा रडत होती आणि नाळ कापत होती. कात्री धरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात थांबलेत.

पोराला ठेवायचं कुठे? खाली ओल. तकलाने खांद्यावरची शाल गुंडाळली आणि हाताशी जी जागा होती तिथे ठेवला, सकाळीच कापून टाकलेल्या हिरव्यागार बरसीम चाऱ्यावर. ठेवला, हात काढला, आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"वहीबा," ती हळूच म्हणाली, "बघ मी त्याला कुठे ठेवलं."

गव्हाणीत. वहीबाने पाहिलं, मग तिची नजर लेकीकडे गेली. अतियातचे हात अजून त्या खांबाभोवती होते. गाल त्याला टेकलेला, डोळे मिटलेले. आमच्याकडे छपराखाली जो खांब देतात तोच तो, खवल्याखवल्यांचा, दोरीने घासून गुळगुळीत झालेला. खजुराचा बुंधा. दोघी इतकी वर्षं रोज दुपारी त्याला पाठ टेकून बसत होत्या आणि झाड की गोठा म्हणून भांडत होत्या.

बाहेर हिलाल पंप मारतच होता. एक बादली आण म्हटलेलं, ती केव्हाच भरून वाहत होती. भेदरलेल्या गड्याला थांबायचं सुचत नव्हतं. पाणी उंबरा ओलांडून आत आलं होतं आणि अतियातच्या पायांपाशी वळण घेऊन चाललं होतं.

वहीबाच्या अंगावर काटा आला, तोच, दाराआड बसलेल्या मुलीचा. ती खालीच बसली. तकलाही तिच्या शेजारी बसली. दोघींनाही जोरात बोलायची भीती वाटत होती, कुणीतरी नुकतंच इथून गेलंय किंवा अजून इथेच आहे असं वाटत होतं. घरी वाडग्यातल्या मरियमच्या पंजाची बोटं तेव्हा कुठे सुटत असतील, पण त्याची आठवण कुणाला होती?

बऱ्याच वेळाने अतियातने डोळे उघडले. "अम्मा, भूक लागलीय."

तकला उठली. उपासात घरात तूप नाही, चीज नाही, आणि सकाळची धार अजून काढायची होती. तिने फळीवरून पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि अतियातच्या ओंजळीत ओतलं. उन्हाळ्यात तिने स्वतः उतरवून डब्यात दाबून ठेवलेले खजूर, अजून ओलसर, मऊ.

मग ती वहीबाकडे वळली. डोळे पुसत होती, पण जिभेची धार गेली नव्हती. "काय गं, आता सांग की. ऐन थंडीत खजूर कुठून आले?"

वहीबाने लेकीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि मग मैत्रिणीचा साबणाचा वास येणारा हात स्वतःच्या गालाला लावून धरला.

"तुझ्या डब्यातून," ती म्हणाली.